होळी ते मृग : स्वावलंबी शेतकरी कुटुंबाची वसंतातील कामे

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात शेतीचे वर्ष मृगाच्या पहिल्या सरीने सुरू होते, असे बाहेरचा मनुष्य समजतो. गावातील मनुष्याला ठाऊक असते की, ते गुढीपाडव्याला सुरू होते. जुना सालदार त्या दिवशी हिशेब करून मोकळा होतो, नवा सालदार त्याच दिवशी कामावर येतो, आणि धनी मनाशी ठरवितो की, यंदा कोणत्या वावरात काय पेरावयाचे. ही प्रथा घालून देणाऱ्या पूर्वजांची दृष्टी दूरची होती. पेरणी जूनमध्ये होत असली तरी तिची तयारी चैत्रात झाली पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते.

असे असूनही होळीपासून मृगापर्यंतचे अडीच-तीन महिने आपण बहुधा रिकामे समजतो. कापूस विकला गेलेला असतो, तूर बाजारात जाते, हरभरा निघतो. त्यानंतर लग्नसराई, पाहुणे आणि ऊन यांत दिवस सरतात. या काळात धुऱ्यावर पऱ्हाटीचे ढीग पेटविले जातात. मग जून उजाडतो आणि ज्या कुटुंबाने मार्चमध्ये खताचा कच्चा माल जाळला, तेच कुटुंब खताच्या पोत्यासाठी उसनवारी करते. ज्याने आपले सोयाबीन सगळेच विकले, तोच सोयाबीनच्या बियाण्याची पिशवी चढ्या भावाने घेतो. ज्याच्या घरातून तूर पोत्याने गेली, त्याच घरी डाळ किलोने येते.

या लेखात सांगावयाची गोष्ट एवढीच आहे की, जूनमधील कर्जाचा मोठा भाग फाल्गुन-चैत्रात ठरतो. म्हणून तो कमी करावयाचा असेल, तर त्याचा उपायही याच दोन महिन्यांत योजला पाहिजे.

घरातून काय जाते, घरात काय येते

उदाहरणादाखल पाच एकर कोरडवाहू जमिनीचे एक कुटुंब घेऊ. अडीच एकरांत कापूस व त्यात तुरीच्या ओळी, दोन एकरांत सोयाबीन, आणि उरलेल्या अर्ध्या एकरात घर, गोठा, खळे, वहिवाटीचा रस्ता व थोडे गवत. एक बैलजोडी व एक गाय. आपल्या जिल्ह्याच्या सोळाही तालुक्यांत अशी कुटुंबे सर्वत्र आढळतील.

या कुटुंबाने एका कागदावर दोन रकाने आखावेत. पहिल्यात गेल्या वर्षी घरातून काय गेले ते लिहावे. दुसऱ्यात काय विकत आणले ते लिहावे. दुसऱ्या रकान्यातील प्रत्येक वस्तूपुढे एकच प्रश्न विचारावा : ही आपल्याला घरी करता आली असती काय? मीठ, लोखंड, कापड, औषधपाणी यांपुढे उत्तर ‘नाही’ असेच येईल. संकरित कापसाच्या बियाण्यापुढेही ‘नाही’ असेच लिहावे लागेल. कारण संकरित वाणाचे बी घरी धरले तर पुढच्या पिकात मूळ गुण टिकत नाहीत. मात्र सोयाबीनचे बियाणे, शेणखत, डाळ, भाजीपाला, धान्य टिकविण्याची साधने आणि काही अंशी पीकसंरक्षणाची औषधे यांपुढे ‘होय’ असे लिहिता येईल. स्वावलंबन म्हणजे बाजाराशी संबंध तोडणे नव्हे. जे घरी होऊ शकते त्यासाठी बाजाराच्या दारी न जाणे, एवढाच त्याचा अर्थ.

पहिले काम : पुसदच्या टाक्याचे

या कामांत अग्रक्रम खताला दिला पाहिजे. कारण त्याला मुदत आहे आणि ती मुदत होळीपासूनच मोजावी लागते.

ज्या टाक्याला आज देशभर ‘नाडेप’ म्हणून ओळखतात ते आपल्याच जिल्ह्याचे आहे. पुसद येथील गांधीवादी कार्यकर्ते ना. दे. पांढरीपांडे यांनी ही पद्धत विकसित केली व तिला त्यांच्याच नावाच्या आद्याक्षरांवरून नाडेप हे नाव पडले. लोक त्यांना आदराने ‘नाडेपकाका’ म्हणत. परप्रांतांतील शेतकऱ्यांनी ही पद्धत शिकावी आणि आपल्या जिल्ह्यातील शेतकऱ्याने पऱ्हाटी पेटवावी, हे आपल्याला शोभणारे नाही.

या पद्धतीचे मर्म असे की, शेण थोडे असले तरी खत पुष्कळ होते. उघड्या उकिरड्यावर वर्षभर टाकलेल्या शेणाचे सत्त्व ऊन, वारा व पाऊस यांमुळे मोठ्या प्रमाणात नष्ट होते. नाडेप पद्धतीत शेण हे केवळ विरजण असते. दूध असते ते काडीकचरा आणि माती यांचे. पाव भांडे दुधाला चमचाभर विरजण पुरते, त्याचप्रमाणे सुमारे दीड टन काडीकचऱ्याला ९० ते १०० किलो शेण पुरते.

टाके बांधताना आतील लांबी १० फूट, रुंदी ६ फूट व उंची ३ फूट धरावी. भिंत ९ इंच जाडीची असावी. विटांच्या तिसऱ्या, सहाव्या व नवव्या थरात दर दोन विटांनंतर सुमारे ७ इंचांचे छिद्र सोडावे, म्हणजे हवा सर्व बाजूंनी आत खेळेल. तळाला विटा अंथरून घट्ट कराव्यात आणि भिंती शेणमातीने लिंपाव्यात. विटांची सोय नसेल तर बांबू, तुराट्या किंवा पळसाच्या फोकांचे कूड घालूनही टाके उभे करता येते; ते एक-दोन वर्षे टिकते व खर्च जवळजवळ शून्य असतो.

भरण्याचा क्रम पुढीलप्रमाणे आहे. भरण्यापूर्वी आतील भिंतींवर व तळावर शेणकाल्याचे पाणी शिंपडावे. पहिला थर काडीकचऱ्याचा, ६ इंच जाडीचा; त्याला सुमारे १०० ते ११० किलो माल लागतो. दुसरा थर शेणकाल्याचा : १२५ ते १५० लिटर पाण्यात ४ किलो शेण कालवून ते काडीकचऱ्यावर सारखे शिंपडावे, म्हणजे तो पूर्ण भिजेल. तिसरा थर चाळलेल्या कोरड्या मातीचा, ५० ते ६० किलो. तीत काच, खडे व प्लॅस्टिक नसावे. गोठ्यातील गोमूत्र मुरलेली माती मिळाली तर अधिक चांगले. असे तीन-तीन थर अकरा-बारा वेळा रचले म्हणजे टाके भरते. माल टाक्याच्या काठावर आणखी दीड फूट झोपडीच्या आकाराने रचावा, त्यावर ३ इंच मातीचा थर द्यावा आणि शेणमातीने लिंपून टाके बंद करावे.

पंधरा-वीस दिवसांत माल ८-९ इंच खाली बसतो. तेव्हा वरचे लिंपण काढून पुन्हा त्याच क्रमाने भरावे व पुन्हा लिंपावे. पुढे लिंपणाला भेगा पडू देऊ नयेत. भेग दिसताच शेणाने बुजवावी, छिद्रांतून पाणी शिंपडून ओलावा राखावा आणि वर तुराट्यांचा मांडव घालून सावली करावी. अडीच महिन्यांनंतर पहारीने वरून भोके पाडून त्यांत रायझोबियम, ॲझोटोबॅक्टर व स्फुरद विरघळविणारे जिवाणू पाण्यात कालवून सोडले तर खताचा कस वाढतो. तीन ते चार महिन्यांत काळसर तपकिरी, भुसभुशीत, दुर्गंधी नसलेले खत तयार होते. एका टाक्यातून ते सुमारे तीन टन निघते.

आता हिशेब पाहू. कोरडवाहू कापसाच्या एका एकरातून साधारणपणे टनाच्या आसपास पऱ्हाटी निघते. म्हणजे आपल्या उदाहरणातील कुटुंबाकडे दोन-अडीच टन पऱ्हाटी आहे आणि टाक्याला हवा आहे दीड टन काडीकचरा. माल पुरून उरतो. एकरी दोन टन खत द्यावयाचे म्हटले तर एका टाक्याने दीड एकराची सोय होते. संपूर्ण शेताची होत नाही, हे खरे. परंतु दरवर्षी दीड एकर या क्रमाने तिसऱ्या वर्षापर्यंत सर्व वावराला एकदा खत मिळते, आणि पावसाळ्यात व हिवाळ्यात टाके पुन्हा भरले तर त्याहूनही लवकर मिळते.

मुदत का पाळावयाची

होळीपूर्वी किंवा फार तर होळीनंतरच्या आठवड्यात टाके भरावे, असे सांगण्याची कारणे दोन आहेत. पहिले कारण दिवसांचे. मृग नक्षत्र ७-८ जूनच्या सुमारास लागते. खताला किमान नव्वद दिवस हवेत. ते दिवस मागे मोजले की आपण थेट फाल्गुनात येऊन पोहोचतो. दुसरे कारण पाण्याचे. टाके भरण्यास दीड ते दोन हजार लिटर पाणी लागते. फाल्गुनात विहिरीला हे पाणी असते; वैशाखात अनेक गावांत पिण्याच्या पाण्याचीच ओढाताण असते. त्या वेळी टाक्यासाठी पाणी मागणे म्हणजे घरातील बायाबापड्यांच्या डोक्यावर आणखी हंडे देणे होय. ज्या योजनेचा भार एकट्या गृहिणीवर पडतो ती योजना दुसऱ्या वर्षी घरात राहत नाही, हे गावपातळीवर काम करणाऱ्यांनी विसरू नये.

याबाबतीत प्रस्तुत लेखकाला आपली एक चूक येथे सांगितली पाहिजे. नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत एका गावी मी प्रात्यक्षिक म्हणून टाके भरविले. भरविले ते वैशाखात, आणि घाईमुळे पऱ्हाटी अखंडच रचली. आषाढात गावकऱ्यांसमोर टाके उघडले तेव्हा माती व पाला कुजला होता. पऱ्हाट्या मात्र जशा घातल्या तशा निघाल्या. घरातील आजीबाईंनी त्या एकेक झटकून बाजूला ठेवल्या व म्हणाल्या, “साहेब, चुलीले तरी कामी येतीन.” लोक हसले, मलाही हसावे लागले. त्या गावात दुसरे टाके बांधून घ्यावयास मला पुढे दोन वर्षे लागली. चुकीचे प्रात्यक्षिक हे प्रात्यक्षिक न करण्याहून वाईट असते, हा धडा मी त्या दिवशी घेतला.

म्हणून पऱ्हाटी बारीक करणे हा या कामाचा प्राण आहे. गावात कुट्टी यंत्र भाड्याने मिळत असेल तर उत्तम. नसेल तर कुऱ्हाडीने बोटभर लांबीचे तुकडे करावेत. जुनी युक्तीही आहे. सर अल्बर्ट हॉवर्ड हे १९२४ साली इंदूर येथे स्थापन झालेल्या संशोधन संस्थेत कंपोस्टचे प्रयोग करीत असत. त्यांच्यापुढेही कापसाच्या व तुरीच्या कठीण काड्यांचाच प्रश्न होता. इंदूर पद्धतीत या काड्या शेतरस्त्यावर पसरून ठेवीत. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या चाकांखाली व जनावरांच्या पायांखाली त्या चिरडल्या जात व मग कुजण्यास योग्य होत. आपल्या वहिवाटीच्या रस्त्यावरून बैलगाडी आणि ट्रॅक्टर दोन्ही जातात. पंधरा दिवस त्यांच्याकडून हे काम फुकट करून घ्यावे. पऱ्हाटीबरोबर तुरीचा पाला, सोयाबीनचे गुरांनी टाकलेले कुटार, धुऱ्यावरचा पालापाचोळा असा नरम माल निम्म्याने तरी मिसळावा.

चुलीचा वाटा आणि बोंडअळी

येथे गृहिणी रास्त प्रश्न विचारील : सगळी पऱ्हाटी टाक्यात गेली तर चुलीत काय घालावयाचे? या प्रश्नाला बगल देऊन खताचा प्रचार होणार नाही. वाटणी अशी करावी की, बुंध्याकडचा जाड भाग चुलीला आणि शेंड्याकडचा बारीक भाग, पाला व फांद्या टाक्याला. वर हिशेब केल्याप्रमाणे दोन्हींची गरज भागते.

तथापि चुलीसाठी ठेवलेल्या पऱ्हाटीबाबत एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. गुलाबी बोंडअळी पऱ्हाटीवर राहिलेल्या किडक्या, न उमललेल्या बोंडांत सुप्तावस्थेत राहते व पुढील हंगामात पतंग होऊन बाहेर पडते. २०१७ च्या हंगामात या अळीने विदर्भातील कापसाची केलेली हानी सर्वांच्या स्मरणात आहे. म्हणून कापसाची फरदड घेऊ नये, डिसेंबरअखेर शेत मोकळे करावे, आणि पऱ्हाटी रचण्यापूर्वी तिच्यावरील बोंडे झोडून वेगळी काढावीत. ती बोंडे तेवढी अवश्य जाळावीत. अखंड पऱ्हाटीचा ढीग वावरात किंवा धुऱ्यावर पावसाळ्यापर्यंत ठेवणे म्हणजे शत्रूला घरचे अंथरूण देणे होय.

दुसरे काम : बियाण्याचे

सोयाबीन हे स्वपरागसिंचित पीक आहे. एकदा प्रमाणित बियाणे आणले की त्याच्या उत्पादनातून निवडलेले बी पुढील दोन वर्षे वापरता येते. दरवर्षी नवी पिशवी घेण्याचे कारण नाही. मात्र सोयाबीनचे बाह्य आवरण नाजूक असते आणि अंकुर त्या आवरणाच्या लगतच असतो. म्हणून बियाण्याची पोती उंचावरून आपटू नयेत, ओल्या जमिनीवर ठेवू नयेत आणि एकावर एक फार रचू नयेत. खाली लाकडी फळ्या घालून, हवा खेळेल अशा थंड कोरड्या खोलीत ती ठेवावीत.

वैशाखात उगवणशक्ती घरीच तपासावी. पोत्यातील निरनिराळ्या भागांतून बी काढून, निवड न करता सरसकट शंभर दाणे मोजावेत. ओल्या गोणपाटाच्या तुकड्यावर दहा-दहांच्या ओळींत ते मांडावेत, वर दुसरा ओला तुकडा झाकून गुंडाळी करावी व सावलीत ठेवून ओलावा राखावा. सहा-सात दिवसांनी गुंडाळी उलगडून चांगले कोंब आलेले दाणे मोजावेत. अशी तपासणी तीन वेळा करून सरासरी काढावी. सत्तर किंवा अधिक दाणे उगवले तर एकरी ३० किलो बियाणे पुरेसे आहे. उगवण साठ ते सत्तरच्या दरम्यान असेल तर त्या प्रमाणात बियाणे वाढवावे. साठाच्या खाली असेल तर ते बी पेरू नये. आपल्या उदाहरणातील दोन एकरांस साठ किलो बियाणे लागेल. म्हणजे एक पोते जपले, एवढेच. पण त्याने जूनमधील एक मोठी खरेदी टळली.

हे काम घरातील शाळकरी मुलांकडे द्यावे. दाणे मोजण्यात त्यांना आनंद वाटतो, आणि बापाच्या शेतीचा पहिला हिशेब त्यांच्या हातून होतो.

तिसरे काम : परसबाग आणि कोठार

तेहतीस फूट लांब व तेवढीच रुंद जागा म्हणजे एक गुंठा. पाच-सहा माणसांच्या कुटुंबाची रोजची भाजी एवढ्या जागेत बऱ्याच अंशी निघते. न्हाणीचे व भांडी घासण्याचे सांडपाणी लहान चारीने बागेत न्यावे. चारीच्या तोंडाशी खडीवाळूचा खड्डा करून पाणी गाळून घ्यावे, आणि तेथे कर्दळ व केळ लावावी. फाल्गुनात गवार, भेंडी, चवळी व राजगिरा लावावा. काकडी, दोडका, कारले व दुधी यांची आळी करून वेल तुराट्यांच्या मांडवावर चढवावेत. मांडवामुळे खालच्या पालेभाजीला उन्हापासून आडोसा होतो. कुंपणाला शेवगा लावावा. त्याची शेंग भाजीला आणि पाला माणसांना व शेळ्यांना चालतो. प्रत्येक वेलावरचे एक उत्तम फळ न तोडता बियांसाठी राखावे, म्हणजे पुढील वर्षी भाजीचे बीही घरचेच होईल.

वसंतातील ऊन हे फुकटचे यंत्र आहे. गहू, ज्वारी, हरभरा व तूर या उन्हात कडकडीत वाळवून, दाताखाली ‘कट्’ असा आवाज येईल तेव्हाच कोठीत भरावी. गरम धान्य लगेच न भरता रात्रभर थंड होऊ द्यावे. कोठी व कणगी आधी रिकामी करून भेगा लिंपाव्यात, उन्हात तापवाव्यात आणि धान्यात कडुनिंबाचा सावलीत वाळविलेला पाला घालावा. जुने धान्य नव्यात मिसळू नये. कीड बहुधा याच वाटेने येते.

तुरीपैकी घरापुरती तूर विकू नये. ती भिजवून, लाल मातीचा हात देऊन, रात्रभर दडपून, उन्हात वाळवून जात्यावर किंवा गावातील लहान डाळयंत्रावर भरडावी. शंभर किलो तुरीपासून साधारणपणे पासष्ट ते सत्तर किलो डाळ मिळते, आणि चुरी व टरफल गाईबैलांच्या खाद्याला उपयोगी पडते. पाव पोते तूर विकून वर्षभर डाळ विकत आणणे हा व्यवहार आपण सवयीने करतो. कागदावर मांडून पाहिला तर कोणी करणार नाही. पापड, कुरडया, शेवया, सरगुंडे ही कामे आपल्या घरोघरी होतातच. चार घरांनी मिळून ती केली तर श्रमही वाटले जातात.

झाडांकडे पाहण्याचे दिवस

फाल्गुन-चैत्रात आपल्या जिल्ह्यात दोन झाडे शेतकऱ्याला हाक देतात. पहिले झाड मोहाचे. झरी-जामणी, केळापूर, घाटंजी, मारेगाव या भागांतील कोलाम, गोंड व परधान बांधवांच्या घरी मोहफुलांचा हंगाम हा धान्याच्या हंगामाइतकाच मोलाचा असतो. फुले पहाटे गळतात. ती वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवून देण्याची सवय पडली आहे. यातूनच जंगलाला आग लागते, लहान रोपे जळतात आणि खुद्द मोहाची नवी झाडे वाढत नाहीत. त्याऐवजी बुंध्याभोवतीची जागा झाडून स्वच्छ करावी, अगर जुनी लुगडी किंवा जाळी अंथरावी. फुलेही निर्मळ मिळतात. झाड आपल्या धुऱ्यावरचे असेल तर झाडलेला पाचोळा थेट टाक्यात टाकावा.

दुसरे झाड कडुनिंबाचे. चैत्रात ते फुलते आणि पावसाळ्याच्या तोंडावर निंबोळ्या गळतात. कोणत्या झाडाला बहर चांगला आहे हे आताच हेरून ठेवावे व त्याखालची जागा साफ करावी. पिकलेल्या निंबोळ्यांचा गर काढून बिया सावलीत वाळवाव्यात. पाच किलो निंबोळी पावडर रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून, एकूण शंभर लिटर द्रावण केले म्हणजे पाच टक्के निंबोळी अर्क तयार होतो. किडीच्या सुरुवातीच्या अवस्थेत त्याचा उपयोग होतो. प्रादुर्भाव वाढल्यावर केवळ त्यावर विसंबून चालत नाही, हेही स्पष्टपणे सांगितले पाहिजे. २०१७ च्या खरीप हंगामात आपल्या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी व शेतमजूर बांधवांना प्राण गमवावे लागले. त्या आठवणीपुढे निंबोळ्या वेचण्याचे दोन दिवस मोठे नाहीत. विषारी औषधाची एक फवारणी जरी कमी झाली, तरी खर्चाबरोबर धोकाही तेवढा कमी होतो.

जमीन, पाणी आणि जनावरे

पीक निघताच मातीचा नमुना घ्यावा. नांगरटीपूर्वीच तो घेतला पाहिजे. वावरात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी वितभर खोल खड्डा करून त्याच्या कडेची माती घ्यावी, मिसळावी आणि त्यातील अर्धा किलो प्रयोगशाळेत द्यावी. झाडाखालची, धुऱ्यालगतची व उकिरड्याजवळची माती घेऊ नये. त्यानंतर नांगरट नेहमी उताराला आडवी करावी. ढेकळे उन्हात तापू द्यावीत. किडीचे कोष उघडे पडून उन्हाने मरतात व पक्षी वेचतात. धुरे दुरुस्त करावेत आणि पाणी फोडून जाते ती जागा दगडांनी बांधावी. चढावरच्या वावरात तलावातील गाळ टाकण्याचेही हेच दिवस आहेत.

या संबंधात यवतमाळजवळील तिवसा शिवारातील शेतकरी श्री. सुभाष शर्मा यांचे काम पाहण्याजोगे आहे. त्यांनी १९९० च्या दशकात रासायनिक शेती सोडली आणि गाय, झाड, पक्षी व शेतातच मुरणारे पावसाचे पाणी यांच्या आधारे नैसर्गिक शेती उभी केली. २०२५ साली त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले. त्यांच्या शेतीची नक्कल प्रत्येकाला जमेल असे नाही. परंतु शेतात पडलेले पाणी शेताबाहेर जाऊ द्यावयाचे नाही, हा त्यांचा आग्रह पाच एकरवाल्यालाही आचरणात आणता येतो, आणि त्यासाठी कुदळ पुरते.

गुरांसाठी हरभरा, सोयाबीन व गव्हाचे कुटार पावसापूर्वी छपराखाली घ्यावे. गोठ्याच्या उन्हाकडील बाजूस तुराट्यांचा ताटवा लावावा. दुपारी गुरे सावलीत ठेवून सकाळी व संध्याकाळी चारावीत. पावसाळा लागण्यापूर्वी घटसर्प व फऱ्या या रोगांची लस पशुवैद्यकीय दवाखान्यातून टोचून घ्यावी. ऐन पेरणीत बैल दगावला तर वरची सर्व बचत एका दिवसात नाहीशी होते.

कोणते काम केव्हा

फाल्गुन : पऱ्हाटी बारीक करणे, टाके भरणे, मातीचा नमुना, परसबागेची लावण, मोहफुलांसाठी झाडलोट.

चैत्र : टाक्याची दुसरी भरणी, आडवी नांगरट, धान्य वाळविणे, कोठारांची स्वच्छता, डाळ भरडणे.

वैशाख : सोयाबीनची उगवण तपासणी, धुरे व पाण्याच्या वाटा, गाळ टाकणे, वैरण छपराखाली घेणे.

ज्येष्ठ : गुरांचे लसीकरण, टाके उघडून खत चाळणे, निंबोळ्या वेचणे. पेरणीची मात्र घाई करू नये. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमीन पुरेशी ओली झाल्यावरच तिफण लावावी.

कार्यकर्त्यांना विनंती

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही सर्व कामे एका कुटुंबावर एकाच वर्षी लादू नयेत. पहिल्या वर्षी एकच टाके आणि एकच उगवण तपासणी, एवढे झाले तरी पुष्कळ झाले. टाके भरताना शेजारच्या चार शेतकऱ्यांना बोलवावे. उघडताना मात्र सगळ्या गावाला बोलवावे. घरातील स्त्रीशी प्रथम बोलावे. चूल, पाणी, डाळ व भाजी यांचा कारभार तिचा आहे, आणि तिला पटले तरच काम टिकते.

आपल्या जिल्ह्यातील गहुलीचे सुपुत्र, माजी मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांचा जन्मदिवस १ जुलै हा राज्यात कृषिदिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी गावात भाषण करण्यापेक्षा होळीला भरलेल्या टाक्यातील खताची टोपली सभेत आणून ठेवावी. मूठभर खत प्रत्येकाने हातात घेऊन चुरडून पाहावे, वास घ्यावा. मार्चमध्ये जी पऱ्हाटी धूर होऊन गेली असती ती आता माती होऊन वावरात चालली आहे, हे एकदा डोळ्यांनी पाहिले की पुढच्या होळीला काडी ओढण्यापूर्वी हात आपोआप थांबेल.